दातांचा ज

परवा मी दातांच्या दवाखान्यात खुर्चीत आडवी झाले होते. डॉक्टरीणबाई माझ्या नातीच्या वयाच्या. हाडात स्क्रू बसवायचा आणि त्यावर दात लावायचा, असं आमचं ठरलं होतं. तोंडात आरसा घालण्याआधी त्यांनी विचारलं, "आजी, साखर आहे का?"

मी म्हणाले, "आहे." मग पुन्हा म्हणाले, "आहे हं. नीट ऐका, आहे."

त्या हसल्या. हृदयाचं काही, रक्तदाब, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, असं एकेक विचारत गेल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका. साखर ताब्यात असली की हल्ली आम्ही बसवतो. आधी रक्त तपासू, थोडं थांबू, मग करू." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पोरीला वाटलं, म्हातारी सुईला भ्यायली. "अजिबात दुखणार नाही हो आजी," म्हणत तिने माझा दंड थोपटला. तिला काय सांगणार? नेमक्या याच प्रश्नाला फार वर्षांपूर्वी एका बाईने चुकीचं उत्तर दिलं होतं, आणि तेही अगदी शुद्ध मराठीत.

त्या गांगुर्डेबाई. आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी बी.एड. होऊन नाशिकच्या त्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले, तेव्हा बाई तिथे मुरलेल्या होत्या. माझं माहेर सटाण्याकडचं. घरात सगळी अहिराणी. शिक्षकांच्या खोलीत तोंड उघडायची मला धास्ती वाटायची. काय आहे म्हणायला जावं आणि तोंडातून 'काय शे' निघावं, असं एकदोनदा झालंही. खोलीत हशा पिकला. बाई शेजारी वह्या तपासत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "देवरेबाई, ती घरची भाषा आहे ना, ती टाकू नका. घरी नेसायचं लुगडं वेगळं, लग्नाला नेसायचं वेगळं. कपाटात दोन्ही असू द्यावीत." तेव्हापासून मी त्यांच्याच शेजारी बसायला लागले, ते शेवटपर्यंत.

दिसायला बाई किरकोळ. सावळ्या, उंचीला बेताच्या, कडक स्टार्चची सुती साडी, आणि पुढचे दात मात्र असे पांढरेशुभ्र आणि एका ओळीत, की त्या हसल्या तर आपण आधी दातच बघावेत. त्या दातांचा त्यांना गर्व होता, पण दिसण्यासाठी नव्हे. दात हे त्यांचं शिकवायचं साधन होतं.

आपल्या मराठीत ज दोन. जग, म्हणजे दुनिया, यातला ज जीभ टाळूला लावून येतो. आणि जग, म्हणजे जिवंत राहा, यातला ज जीभ दातांना लावून येतो. लिहायला एकच अक्षर. आपण बोलताना दोन्ही सहज म्हणतो आणि त्याचा कधी विचारही करत नाही. बाई करायच्या. वर्गात कुणी वाचायला उभं राहिलं की त्या समोरून खुणा करायच्या. टाळूचा ज असेल तर तर्जनी हनुवटीखाली. दातांचा असेल तर त्याच बोटाचं नख पुढच्या दातावर, टकटक. मुलं पुस्तकाइतकीच त्या बोटाकडे बघत वाचायची. शाळाभर त्यांचं नाव 'टकटकबाई' पडलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

दर जूनमध्ये नव्या वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहायच्या: जगात जगायचं आहे. सगळ्या वर्गाकडून ते म्हणवून घ्यायच्या. हनुवटी, टकटक. हनुवटी, टकटक. "आधी जग येतं, मग जगणं," असं त्यांचं म्हणणं. "जगाने तुमचं ऐकून घेतलं पाहिजे. ते ऐकून घेणार नसेल तर जगून करता काय?" कोवळ्या पोरांना ते कितपत कळायचं देव जाणे. मलाही तेव्हा ते वाक्य नुसतं उच्चाराच्या सरावाचं वाटायचं.

एकदा आम्ही दोघी ओझरच्या बसमध्ये चढलो. बाईंचे यजमान, नामदेवराव, तिकडच्या विमानांच्या कारखान्यात कामाला होते आणि त्यांचं बिऱ्हाड ओझरलाच होतं. बस खच्चून भरलेली. कंडक्टर त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. त्याने बाईंना बघितलं, तिकिटांचा पंच काखेत मारला, नखाने दातावर टकटक केलं आणि ओरडला, "जागा करा, जागा! दातांचा ज हाय!" अर्धी बस वळून बघायला लागली. बाई बसल्या, पदर सावरला आणि त्याला म्हणाल्या, "ज बरोबर. हाय चूक."

"घरी चालतं ना, बाई?"

"घरी चालतं. सरकारी गाडीत नाही."

हे झालं गमतीचं. पण बाईंच्या या ध्यासामागे काय होतं, ते मला एका दुपारी कळलं. आमच्याकडे इतिहासाचे एक सर होते, मनाने वाईट नव्हते, पण बोलण्याला ब्रेक नव्हता. बाईंनी परिपाठाला काहीतरी वाचलं होतं. सर कौतुकाने म्हणाले, "गांगुर्डेबाई, काय वाणी आहे हो तुमची. अगदी शुद्ध. ऐकून वाटत नाही."

"काय वाटत नाही, सर?"

सर चाचपडले. चहाच्या कपात बघायला लागले. खोलीत सगळ्यांनाच कळलं होतं काय वाटत नाही ते. बाईंचं घराणं बौद्ध, माहेर सायखेड्याचं, वडील दुसऱ्यांच्या मळ्यात राबलेले. बाई शांतपणे म्हणाल्या, "एक म्हण सांगते. जात नाही ती जात. यातला पहिला ज दातांचा, दुसरा टाळूचा. तुमचे दोन्ही सारखेच येतात, सर. सवयीने होतं तसं." आणि लाल पेन उघडून पुन्हा वह्यांना लागल्या. सर बिचारे पुढे कितीतरी दिवस बाईंच्या समोर ज असलेला शब्दच टाळायचे.

घरी परतताना मी हसत होते. त्या हसत नव्हत्या. त्यांनी सांगितलं की लहानपणी वाचनाची पाळी आली की गुरुजी त्यांना सोडून पुढच्या मुलीला उभं करायचे. म्हणायचे, तुझ्या तोंडात हे बसायचं नाही. "मग मी बसवलं," बाई म्हणाल्या. "गोदाकाठी म्हशी घेऊन जायचे ना, तिथे म्हशींना वाचून दाखवायचे. एकेक अक्षर मी दातांनी धरून ठेवलंय, देवरे."

दातांनी धरून ठेवलेल्या या अक्षरांवरच पुढे घाला पडला.

बाईंना मधुमेह असल्याचं शाळेत फक्त मला ठाऊक होतं. त्यालाही कारण प्रयोगशाळा. तेव्हा आत्तासारखी बोटाला टोचून आकडा सांगणारी यंत्रं नव्हती. लघवीत निळं द्रावण घालून ते तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही, हिरवं-पिवळं झालं तर आहे, आणि विटकरी झालं तर भरपूर. तेच द्रावण आम्ही नववीला अन्नातली साखर ओळखायला वापरायचो. शाळा सुटल्यावर बाई पदराआड लहानशी बाटली घेऊन यायच्या, मी दार लोटायचे, स्पिरिटचा दिवा पेटवायचे, आणि आम्ही दोघी परीक्षानळीकडे बघत बसायचो. निळं राहिलं की बाई म्हणायच्या, "पास." रंग फिरला की नळी स्वतःच विसळून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी डब्यात भाकरी आणि मेथीची भाजी, एवढंच.

मी म्हणायचे, लपवता कशाला? त्यांचं उत्तर ठरलेलं. "आजारी बाई म्हटलं की आधी वर्ग काढून घेतात. कौतुकाने काढून घेतात, पण काढून घेतात."

या लपवण्यातून एक मजाच झाली. कुणाचा मुलगा पास झाला, कुणाचं लग्न ठरलं की शिक्षकांच्या खोलीत पेढे यायचे. बाई हात जोडून नको म्हणायच्या. एकदा एक सोवळ्यातल्या घरच्या बाई रडवेल्या होऊन मला म्हणाल्या, "गांगुर्डेबाई आमच्या हातचं खात नाहीत हो. विटाळ मानतात की काय?" हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्या प्रयोगशाळेतल्या टेबलावर डोकं टेकून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की शेवटी त्या रडताहेत असं मला वाटलं. "आमच्या आजीला जाऊन सांगायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाल्या.

त्यांच्या भाचीच्या साखरपुड्याला मी सायखेड्याला गेले होते. घरच्या माणसांतल्या बाई मी पहिल्यांदाच बघितल्या. पाय पसरून ओट्यावर बसलेल्या, मोठ्याने बोलणाऱ्या. "ए माय, लय गरम व्हतंय गं, पानी दे." पाणी नव्हे, पानी. मी बघत राहिले. नामदेवराव माझ्याकडे बघून हसले. "ही हिची सुट्टीची भाषा हाय, बाई. घरात मला कधी टोकत नाय. म्हणती, घरात जीभ सैल सोडायची असती." समारंभ झाला आणि त्यांच्या आईने, पार वाकलेल्या, चिमूटभर साखर लेकीच्या तोंडात घातली. "खाय गं माय, लय वाळलीस." आईलाही आजार सांगितलेला नव्हता. बाईंनी साखर तोंडात धरली, आईच्या पाया पडल्या, आणि मग घरामागे जाऊन चूळ भरून आल्या. मी मागे गेले होते. त्या मला म्हणाल्या, "आईच्या हातची थुंकावी लागली, बघ." त्या दिवशी पहिल्यांदा त्या मला 'अगं-तुगं' बोलल्या आणि पुढे आम्ही दोघी असलो की तशाच बोलत राहिल्या.

ऐंशी सालच्या आसपास त्यांचे दात हलायला लागले. साखरेने हिरड्या खाल्ल्या. आधी एक वरचा गेला, मग त्याच्या शेजारचे. मेन रोडवर एका जिन्याच्या वर डॉ. बर्वे म्हणून दातांचे डॉक्टर होते. बाईंबरोबर मीच जायचे. बर्वे आधी साखरेची तपासणी बघायचे, मगच दाताला हात लावायचे. रंग फिरलेला असला की सरळ परत पाठवायचे. काढलेल्या दाताची जखम भरायला इतरांच्या दुप्पट वेळ लागायचा, आणि तोवर ते बाईंना दर दोन दिवसांनी बोलावून बघायचे. शेवटी वरचे पुढचे सगळे गेले आणि त्यांनी कवळी करून दिली.

"माझ्या आईच्या भाषेत कवळी म्हणजे कोवळी," बाई आरशात बघत म्हणाल्या. "कवळी काकडी. आता म्हातारीच्या तोंडात कवळी आली."

विनोद केला खरा, पण दुसऱ्या दिवशी वर्गातून आल्या त्या पांढऱ्याफटक. कवळीचा पत्रा टाळूवर बसतो. जिभेला तिची जागा सापडत नव्हती. जगात जगायचं म्हणायला गेल्या तर दोन्ही ज कुठल्याकुठे गेले आणि मधेच एक शीळ वाजली. मी विचारलं, "पोरं हसली का?"

"हसली असती तर मी दोन दिल्या असत्या. सगळ्यांनी माना खाली घातल्या गं."

मुख्याध्यापकांनी वर्षअखेरीस त्यांचा दहावीचा वर्ग काढून दुसऱ्याला दिला आणि बाईंना ग्रंथालय दिलं. अगदी कौतुकाने दिलं. "आता जरा विश्रांती घ्या, बाई." बाईंचं बोट सवयीने दाताकडे गेलं आणि अर्ध्यातून खाली आलं.

त्याच सुमारास कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत त्यांनी वाचलं, की मुंबईत एक डॉक्टर जबड्याच्या हाडात धातूची पट्टी बसवतात आणि तिच्यावर पक्के दात लावतात. टाळूवर पत्रा नाही, काढ-घाल नाही. बाईंनी ते कात्रण पर्समध्ये ठेवलं आणि आम्ही पुन्हा बर्व्यांचा जिना चढलो. बर्व्यांनी ते वाचलं, चष्मा काढला.

"बाई, ज्याची तब्येत धडधाकट आहे त्याने हे करून बघावं. तुमच्या अंगात साखर आहे. त्या हाडात धातू ठोकला तर हाड त्याला धरणार नाही. जखम भरणार नाही. आणि तिथे पू झाला तर तो तुमच्या जिवावर येईल. कवळी हलेल, पण तुम्ही राहाल."

"कवळीत ज येत नाही, डॉक्टर."

"ज नाही आला तरी माणूस जगतो हो."

"जगतो म्हणायलाच तो ज लागतो," बाई म्हणाल्या.

बर्व्यांनी कात्रणाची घडी घालून ते बाईंच्या हातात दिलं. आम्ही निघालो तेव्हा जिन्यापर्यंत आले आणि मला हळूच म्हणाले, "यांना सांभाळा." तो माणूस मला आजही भला वाटतो. नको म्हणणाऱ्या डॉक्टरला कुणी चांगलं म्हणत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

त्यानंतर बाईंनी तो विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं असेल. मात्र प्रयोगशाळेत रोज येऊ लागल्या. आणि रंग रोज निळा. कारल्याचा रस, मेथ्यांचं पाणी, पहाटे मैलोन् मैल चालणं, जेवण म्हणजे नुसता देखावा. साडी अंगावर लोंबायला लागली. मी म्हणाले, "बाई, साखर गेली ते चांगलंच, पण तुम्हीही चालल्यात." त्या नळीकडे बघून म्हणाल्या, "पास."

दिवाळीच्या सुट्टीत त्या नणंदेकडे मुंबईला जाऊन येते म्हणाल्या आणि सुट्टी संपल्यावरही काही दिवस रजा वाढवली. परत आल्या तेव्हा गाल सुजलेला होता आणि डोळे असे चमकत होते, की मी न विचारताच ओळखलं. पक्के दात लागायला अजून थोडा अवधी होता. पण धातू हाडात बसला होता.

प्रयोगशाळेचं दार लावून मी विचारलं, "त्यांना साखरेचं सांगितलंत?"

बाई स्टुलावर बसल्या. "त्यांनी विचारलं, तुमच्या घरात कुणाला साखर आहे का? मी म्हटलं, साखर आमच्या घरात येतच नाही, डॉक्टर. चहासुद्धा बिनसाखरेचा." मग म्हणाल्या, "एक शब्द खोटा नाही यात. शोधून दाखव."

"लघवी नाही तपासली?"

"तपासली की. निळी."

मला असा संताप आला, की हातातली नळी मी बेसिनमध्ये आपटली. म्हणाले, "व्याकरणात बसलं, बाई. हाडात बसेल का?"

"अगं, मला माझा दहावीचा वर्ग परत पाहिजे," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज कुणी खेळणं हिसकावून घेतलेल्या पोरीसारखा होता. "ग्रंथालयात पुस्तकं पुसून पुसून माझ्या तोंडाला बुरशी येईल. एवढं एक मिळू दे, मग साखरेला घाबरेन तुझ्यासाठी."

नामदेवरावांनाही त्यांनी गप्प बसवलं होतं. ते सोबत होते, त्या प्रश्नाच्या वेळी शेजारच्या खुर्चीवर होते. पुढे मला एकदा म्हणाले, "माझ्या तोंडाशी आलं व्हतं. पण हिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं वर्गात बघती. मी बी मग हिचा विद्यार्थीच."

दात लागले. आणि खोटं कशाला बोलू, त्या वर्षी बाईंइतकं सुखी माणूस मी बघितलं नाही. जूनमध्ये त्यांनी परिपाठाला वाचन केलं, मुख्याध्यापकांसमोर, सगळ्या शाळेसमोर. एकही अक्षर घसरलं नाही. दहावीचा वर्ग परत मिळाला. पहिल्या दिवशी मी मुद्दाम त्या वर्गाच्या व्हरांड्यातून गेले. फळ्यावर तेच वाक्य. बाईंचं नख दातावर वाजलं, आणि आता त्याचा आवाज वेगळा येत होता, थोडा कडक, टणक. पोरं ओरडत होती, जगात जगायचं आहे. मी खिडकीशी उभी राहिले आणि मला वाटलं, चुकलो आपण. बर्वे चुकले, विज्ञान चुकलं, बाई जिंकल्या.

त्यांच्या तोंडात त्या वर्षी पेढासुद्धा गेला. अर्धा. माझ्या हातून.

हिवाळ्यात टकटक थांबली. आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग एकदा बघितलं, तर त्या दातांच्या ज ला नख खालच्या दातावर वाजवत होत्या. वरच्या दाताला हात लावत नव्हत्या. मग पदर गालावरून घ्यायला लागल्या. म्हणाल्या, थंडी फार आहे. मग म्हणाल्या, अक्कलदाढ. या वयात, वरचे दात पडून गेलेल्या बाईला अक्कलदाढ! मी त्यांना ओढत प्रयोगशाळेत नेलं. द्रावण तापायच्या आत फिरलं. विटकरी.

"आजच बर्व्यांकडे चला," मी म्हणाले.

"मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे. पोरांची झाली की जाऊ."

"बाई, तोवर काय होईल ते कळतंय का?"

"कळतंय," त्या म्हणाल्या. "हा वर्ग पुन्हा सोडला तर तो परत मिळायचा नाही, हेही कळतंय."

मी नामदेवरावांना सांगितलं, ते त्यांच्याशी भांडले. मी भांडले. बाई रोज ताप अंगात घेऊन ओझरहून यायच्या, उभ्या राहून शिकवायच्या आणि मधल्या सुट्टीत बाकावर कपाळ टेकून बसायच्या. जवळ गेलं की तोंडाचा वास यायचा, तो लपवायला लवंग धरलेली असायची. दातांचा अभिमान असलेली बाई. मला ते आठवलं की अजूनही तिचा राग येतो, आणि लगेच त्या रागाचीच लाज वाटते.

परीक्षेच्या काही दिवस आधी त्या वर्गातच कोसळल्या. फळ्यावर अर्धं वाक्य होतं.

बर्वे स्वतः दवाखान्यात आले. त्यांनी वर मान करून माझ्याकडे बघितलंही नाही, की 'मी सांगितलं होतं' म्हटलं नाही. पू हाडात पसरला होता, गालातून डोळ्याकडे चढला होता. धातू काढला तो जवळजवळ आपोआप हातात आला, हाडाने त्याला धरलंच नव्हतं. बर्वे म्हणाले तसंच. मग त्या धातूसोबत वरच्या जबड्याचा पुढचा भाग काढावा लागला. साखर खाली येईना. इन्शुलिनच्या सुया, सलाईन, आणि तोंडावर डोळ्यांपर्यंत पट्टी.

मी रोज शाळा सुटली की जायचे. नामदेवराव पलंगाशी स्टुलावर बसलेले असायचे. मी आले की उठून म्हणायचे, "बसा, बाई. हिच्याशी बोला. माझं बोलणं तर हिला अशुद्धच लागतं." असं म्हणून बाहेर जायचे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

त्या संध्याकाळी परीक्षेचा मराठीचा पेपर झाला होता. मी प्रश्नपत्रिका घेऊन गेले होते. पोरांनी पेपर बरा गेल्याचं सांगितलं होतं, ते त्यांना सांगितलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं. कपाळ तापलेलं होतं. मग डोळे उघडले आणि पट्टीच्या आतून काहीतरी म्हणाल्या. टाळू नाही, दात नाहीत, नुसती हवा आणि घशातला आवाज. मला कळलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं. मला 'अग' असं ऐकू आलं. वाटलं, मला अगं म्हणताहेत.

"काय हवंय, बाई?"

त्यांनी मान हलवली. पुन्हा तोच आवाज, या वेळी लांब. शेवटी 'यचं' असं काहीतरी. मी कान पट्टीजवळ नेला आणि मला अंदाज आला.

"जग? जग म्हणताय का? कुठलं, बाई?"

सलाईन नसलेला हात पांघरुणातून वर आला. मला वाटलं, तो हनुवटीखाली जाईल. आयुष्यभर तो आधी तिथेच जायचा, आधी जग, मग जगणं. हात हनुवटीखाली गेला नाही. तो सरळ तोंडाकडे गेला, आणि दात होते त्या जागेवर, पट्टीवर, नखाने वाजवायला लागला. कापसावर कसला आवाज येणार? पण त्या वाजवत राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. जगायचंय. पहिला शब्द त्यांनी सोडून दिला होता.

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "कळलं, बाई. आला. ज अगदी बरोबर आला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. चुकीचा ज त्यांनी कधी कुणाचा पास केला नव्हता. त्यांनी हळूच मान हलवली, नाही आला म्हणून, माझ्या हातातून बोट सोडवून घेतलं आणि पुन्हा म्हणून बघायला लागल्या.